प्रयोगशील शाळेची पंचविशी उलटल्यावर: मूळ मूल्यं राखून बदलायचं कसं

कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय १९८५ सालचं, फलटणचं कमला निंबकर बालभवन १९८६चं, पुण्याची अक्षरनंदन १९९२ची, नाशिकचं आनंद निकेतन १९९८चं. यांच्या आगेमागे महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांतही काही पालक आणि शिक्षकांनी एकत्र येऊन अशा प्रयोगशील शाळा काढल्या. आज त्यातल्या पुष्कळ शाळांचे संस्थापक सत्तरीपार गेलेत. पहिल्या तुकडीतली मुलं स्वतः आईबाप झालीत. विश्वस्तांच्या बैठकीत मात्र दर वर्षी तेच विषय फिरून फिरून येतात: सेमी इंग्रजी करायचं का, चाचण्या वाढवायच्या का, वर्गात स्क्रीन लावायची का, फी किती वाढवायची, आणि शाळा उभी करणाऱ्या ताई निवृत्त झाल्यावर पुढे कोण.

हा लेख अशा शाळेच्या विश्वस्तांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि शाळा आपली मानणाऱ्या पालकांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे. शाळेची मूल्यं प्रार्थनेत, भिंतीवरच्या सुविचारात किंवा वर्धापनदिनाच्या भाषणात टिकत नाहीत. ती टिकतात वेळापत्रकात, अंदाजपत्रकात, शिक्षकांच्या नेमणुकीत आणि प्रवेशाच्या नियमात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदांपाशीच नेऊन ठेवतात.

आधी कोसबाडकडे पाहा

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने भावनगरला माँटेसरी पद्धतीचं काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, तेव्हा शिंपले, बिया, दगड, पानं यांतून साहित्य तयार झालं. मुलं बालवाडीत येईनात, कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं असे. मग बालवाडीच पाड्यातल्या अंगणात गेली आणि अंगणवाडी जन्माला आली. थोडी मोठी मुलं गुरांमागे रानात असत, त्यांच्यासाठी चरणीच्या जागेवर कुरणशाळा भरली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी हे काम ताराबाईंच्या पश्चातही चालवलं.

यात काय बदललं आणि काय नाही, ते नीट बघा. इमारत, साहित्य, वेळ, जागा, सगळं बदललं. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने, न घाबरता शिकेल एवढं मात्र हललं नाही. उलट ते सांभाळण्यासाठीच बाकीचं बदलावं लागलं.

दुसरं उदाहरण वर्ध्याचं. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींचा नई तालीमचा विचार मांडला गेला: उत्पादक कामातून शिक्षण. पुढे हा विचार सरकारी मूलोद्योग शाळांमधून देशभर पसरला. पण पुष्कळ ठिकाणी सूत कातायची टकळी तेवढी उरली, आणि टकळीतून गणित, भूगोल, समाज शिकायचा हा गाभा निघून गेला. सूतकताईचा तास झाला, तो संपला की नेहमीची घोकंपट्टी सुरू. सेवाग्रामची शाळासुद्धा बंद पडली. २००५ मध्ये ती आनंद निकेतन या नावाने (नाशिकची शाळा वेगळी) पुन्हा सुरू झाली, तेव्हा शेती, स्वयंपाक आणि शिवण यांचा विषयांशी सांधा नव्याने जुळवावा लागला. रूप जसंच्या तसं जपलं तरी आतलं मूल्य निसटतं, हे या इतिहासातून शिकायचं.

पहिली पायरी: शाळेने कशाला ‘नाही’ म्हटलं ते लिहून काढा

संस्थापक हयात आहेत तोवरच हे काम करा. संस्थेची घटना, जुनी इतिवृत्तं, पहिल्या पालकसभांची पत्रकं, शिक्षकांच्या जुन्या टाचणवह्या एका जागी आणा. मग संस्थापकांशी बोला आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित करा. ‘आपल्या शाळेची मूल्यं कोणती?’ असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, की कोणती देणगी नाकारलीत, कोणत्या पालकाचं म्हणणं मानलं नाहीत, दुसरी तुकडी काढायची संधी का सोडलीत, त्याची काय किंमत मोजलीत. माणसाचं मूल्य त्याच्या नकारात अधिक स्पष्ट दिसतं. शाळेचंही तसंच.

एवढ्यावर थांबू नका. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकांना भेटा. मूल काढून नेलेल्या पालकांनाही भेटा, ही भेट अवघड असते पण टाळू नका. माजी विद्यार्थ्यांना ‘शाळेची आठवण’ विचारू नका. ‘दहावीनंतर काय जड गेलं, आणि काय इतरांपेक्षा सोपं गेलं’ हे विचारा. पुढच्या निम्म्या निर्णयांसाठीचा कच्चा माल तिथेच सापडतो.

दुसरी पायरी: मूल्य, पद्धत आणि सवय वेगळी करा

मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. शाळेत चालतं ते सगळं, परिपाठापासून स्नेहसंमेलनापर्यंत, शिक्षकांनी एकत्र बसून या रकान्यांत टाकायचं. मूल्य म्हणजे ज्याच्यासाठी शाळा काढली ते. पद्धत म्हणजे ते मूल्य आणण्याचा आज सापडलेला मार्ग. सवय म्हणजे जे चालत आलंय म्हणून चालतं.

शेतीचं उदाहरण घ्या. शाळा गावाबाहेर होती तेव्हा मागे अर्धा एकर होता, मुलं भाजी लावत. आता शहर शाळेपर्यंत आलं, जमीन गेली. शिक्षक हळहळतात, ‘शेती गेली म्हणजे शाळेचा आत्माच गेला.’ पण शेती होती कशासाठी? हातांनी काम करायला कमीपणा वाटू नये, अन्न कुठून येतं ते कळावं, आणि मोजमाप, हवामान, हिशेब खऱ्या कामातून शिकता यावा, यासाठी. मग हेच शाळेच्या स्वयंपाकघरातून, सायकल दुरुस्तीतून, गच्चीवरच्या वाफ्यांतून आणि शाळेच्या संडासांची पाळीपाळीने सफाई करण्यातून येऊ शकतं. शेवटचं काम सर्वांत जास्त विरोध ओढवून घेतं, आणि श्रमप्रतिष्ठा या मूल्याची खरी परीक्षा नेमकी तिथेच होते. शिक्षक आणि विश्वस्त यांचीही नावं त्या पाळीत असली पाहिजेत.

गणवेशाचंही तसंच. कित्येक शाळांनी मुलांचं स्वातंत्र्य आणि पालकांचा खर्च लक्षात घेऊन गणवेश ठेवला नाही. आता त्याच शाळांत बुटांच्या ब्रँडवरून मुलं एकमेकांना तोलत असतील, तर साधा खादीचा सदरा मूळ हेतूच्या अधिक जवळचा ठरेल.

प्रत्येक नोंदीला एकच कसोटी लावा: हे उद्या बंद केलं तर कोणत्या मुलाचं काय जाईल? उत्तरात मूल दिसत नसेल, फक्त शाळेची ओळख किंवा आपला अभिमान दिसत असेल, तर ती सवय आहे. मूल्यांच्या रकान्यात पाच-सहापेक्षा जास्त नोंदी उरल्या तर पुन्हा बसा. आणि ती वागणुकीच्या भाषेत लिहा. ‘मुलांचा आदर’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘कोणत्याही मुलाला वर्गासमोर लाजवलं जाणार नाही, चुकीबद्दल बोलणं एकट्यात होईल’ असं लिहिलं की ते पाळलं जातंय की नाही हे कुणालाही सांगता येतं.

तिसरी पायरी: शिक्षकांची बैठक वेळापत्रकात आणा

सगळ्या पायऱ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही. पहिल्या पिढीचे शिक्षक ध्येयाने आले होते. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून बोलत, वाचत, भांडत. त्या बसण्यातूनच शाळेची पद्धत घडली. आजच्या शिक्षिकेला घरभाडं आहे, प्रवास आहे, घरी लहान मूल आहे. तिने शाळा सुटल्यावर बिनपगारी थांबावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून आठवड्यातले दोन तास, समजा शनिवारी मुलं लवकर घरी गेल्यावर, पगारी बैठकीचे ठेवा. सहल असो, तपासणी असो, ते तास कुणी खाऊ नयेत.

या बैठकीत प्रशासकीय सूचना नकोत, त्या फळ्यावर लिहा. इथे बोलायचं ते मुलांबद्दल. एखादी नवी शिक्षिका म्हणते, ‘ताई, तो गणितात लक्षच देत नाही.’

‘लक्ष देत नाही म्हणजे नेमकं काय करतो?’

‘म्हणजे... खिडकीबाहेर बघत बसतो.’

‘सगळ्याच तासाला?’

ती थोडं आठवते. ‘नाही. तोंडी हिशेबाला हात वर असतो. वहीत उभी मांडणी आली की थांबतो.’

‘मग लक्षाचा प्रश्न आहे, की मांडणीचा?’

दुसरे एक शिक्षक सांगतात, की बाजाराच्या खेळात तोच मुलगा सुट्टे पैसे झटक्यात देतो. मग तिघं मिळून ठरवतात: आठवडाभर त्याला शंभराच्या आणि दहाच्या खोट्या नोटा हातात देऊन हातच्याची वजाबाकी करू द्यायची, आणि काय दिसतं ते पुढच्या शनिवारी सांगायचं. ‘मूल आळशी नसतं, आपल्याला अजून ते कळलेलं नसतं’ हे मूल्य नव्या शिक्षिकेने कुठे वाचलं नाही. ते तिच्यासमोर दहा मिनिटांत घडलं. असं शेकडो वेळा घडावं लागतं.

नव्या शिक्षकाला पहिलं सत्र स्वतंत्र वर्ग देऊ नका. अनुभवी शिक्षकाच्या वर्गात सहायक म्हणून बसू द्या, रोज एका मुलाची निरीक्षणनोंद लिहू द्या. अंदाजपत्रकात हा एक पगार जादा दिसेल. विश्वस्त म्हणतील, परवडत नाही. संगणक कक्षाचं नूतनीकरण वर्षभर पुढे ढकला, पण हा पगार कापू नका.

चौथी पायरी: परीक्षांबाबत कायद्यातली मोकळीक वापरा

बऱ्याच विश्वस्तांचा समज असतो, की कायदा आपल्या पद्धतीच्या आड येतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याचं कलम २९ एकदा मोठ्याने वाचा. कृती, शोध आणि बालककेंद्री पद्धतीने शिकणं, मूल भीती आणि ताणापासून मुक्त असणं, शक्य तितपत मातृभाषेतून शिक्षण, सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. ज्यासाठी आपल्या संस्थापकांनी भांडणं केली ते आता कायद्याच्या पुस्तकात आहे.

राज्याने २०१० मध्ये आणलेल्या मूल्यमापन पद्धतीत पहिली-दुसरीला आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) ३० टक्के ठेवला, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मानिम्मा, सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं मोजली जातात. बहुतेक शाळांत या नोंदी वर्षाअखेरीस एका बैठकीत भरल्या जातात. तुमच्या शाळेत त्या खऱ्या भरा. शनिवारच्या बैठकीतून त्या आपोआप तयार होतात. एकच नोंद दप्तरालाही चालते आणि पालकांनाही कळते, दोन वह्या ठेवायची गरज पडत नाही.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षा आली आहे. तिला तोंड द्यायचंच. सहा आठवडे आधी मुलांना प्रश्नपत्रिका ही काय वस्तू आहे ते उघडून दाखवा: गुण कसे वाटलेत, वेळ कसा वाटायचा, उत्तर किती लिहायचं. मुलांनाच प्रश्नपत्रिका काढायला लावा. परीक्षेचं तंत्र हे एक कौशल्य म्हणून, हातचं न राखता शिकवावं. ते टाळणाऱ्या शाळेतली मुलं दहावीत उगाच घाबरतात. गुणांची क्रमवारी जाहीर न करणं मात्र सोडू नका.

पाचवी पायरी: सेमी इंग्रजीचा प्रश्न

हा प्रश्न आला की मराठी शाळांमध्ये आवाज चढतात. पालकांची भीती खरी आहे आणि तिला नाव आहे: अकरावी सायन्स. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलाला अचानक सगळं इंग्रजीतून येतं. या भीतीला ‘मातृभाषेचं महत्त्व’ हे व्याख्यान उत्तर होत नाही.

माझं मत असं, की माध्यम मराठीच ठेवा आणि अकरावीकडे जाणारा पूल आठवीपासून बांधा. इंग्रजी तर राज्यात २००० पासून पहिलीपासूनच आहे. ती भाषा म्हणून नीट, बोलत, ऐकत, गोष्टींतून शिकवा, त्यासाठी इंग्रजीवर खरी पकड असलेला शिक्षक नेमा. सहावीपासून विज्ञान-गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर येऊ द्या. आठवी-नववीत महिन्याला एक धडा मराठीत समजून घेतल्यावर इंग्रजी पुस्तकातून पुन्हा वाचा. दहावीनंतरच्या सुट्टीत तीन-चार आठवड्यांचा सेतू वर्ग घ्या, त्यात अकरावीत गेलेल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांना शिकवू द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यातही किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. पालकसभेत ते सांगा, पण त्याआधी पुलाचं वेळापत्रक त्यांच्या हातात द्या.

आदिवासी किंवा स्थलांतरित मुलं असतील तर त्यांची घरची भाषा प्रमाण मराठी नसते. पहिल्या दोन वर्षांत वारली, कोकणा, बंजारा, हिंदी अशा भाषांना वर्गात जागा नसेल, तर मातृभाषेचा आपला आग्रह अर्धाच राहतो.

सहावी पायरी: स्क्रीन, कॅमेरे आणि मुलांची माहिती

चौथीपर्यंत वर्गात स्क्रीन नको, एवढं सरळ ठरवता येतं. पुढे प्रत्येक साधनाला विचारा: विचार करायचं काम मुलाकडे राहतं, की यंत्राकडे जातं? उपग्रहाचं छायाचित्र बघून आपल्या ओढ्याचा नकाशा काढणं यात काम मुलाचंच राहतं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ‘माझा आवडता सण’ लिहून घेण्यात राहत नाही. त्यावर बंदी घालून पहारा ठेवण्यापेक्षा काम बदला. ‘आजीला विचारून तिच्या लहानपणीच्या दुष्काळाबद्दल लिहा, कच्चा खर्डा वर्गातच, आणि शेवटी पाच मिनिटं तोंडी सांगा’ असा गृहपाठ यंत्राला करता येत नाही. आठवी-नववीत यंत्राचं उत्तर वर्गात आणून त्यातल्या चुका मुलांना शोधू द्या.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. विश्वासावर चाललेल्या शाळेला हे बोचतं. कॅमेरे दारं, मोकळ्या जागा, जिने इथे लावा, आणि लेखी ठराव करा, की चित्रण सुरक्षेच्या चौकशीसाठीच पाहिलं जाईल, शिक्षक कसं शिकवतो हे बघायला नाही. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट हवी. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपण सगळे एक कुटुंब, आतच मिटवू’ हे इथे चालत नाही, आणि मुलाच्या बाजूने पाहिलं तर चालताही कामा नये.

मुलांचे फोटो व्हॉट्सॲप गटांवर आणि फेसबुकवर टाकायची सवय आवरा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. प्रवेशाच्या वेळीच साधा मराठी संमतिपत्राचा नमुना भरून घ्या.

सातवी पायरी: प्रवेश आणि पैसा

प्रयोगशील शाळांची एक लाडकी प्रथा इथे अडते: प्रवेशाआधी पालकांची मुलाखत. ‘आपला विचार पटणारे पालक हवेत’ हा हेतू चांगला. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ मुलाची किंवा पालकांची छाननी करायला मनाई करतं. निवड सोडतीनेच व्हायला हवी. शिवाय मुलाखतीतून हळूहळू एकाच प्रकारचे, शिकलेले, बोलके पालक गोळा होतात आणि समता कागदावर राहते. सोडत काढा, आणि संवाद प्रवेशानंतर करा: वर्षातून चार पालकशाळा, त्यातली एक प्रत्यक्ष वर्गात बसून. विनाअनुदानित शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवरची मुलं सहल, डबा, वाढदिवस यांत वेगळी पडतात का, हे शिक्षकांनी सत्रातून एकदा तपासावं. सहलीचा खर्च आधीच फीमध्ये किंवा मदतनिधीत धरला तर कुणालाही हात पसरावा लागत नाही.

फी ठरवताना २०११च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, आणि त्या समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. हे बंधन म्हणून पाहू नका. पूर्ण अंदाजपत्रक त्यांच्यापुढे उघडं ठेवा: पगारावर किती, इमारतीवर किती, फी सवलतीवर किती. त्यातले काही पालक स्वतः देणगीदार शोधून आणतात.

आठवी पायरी: संस्थापकांनंतर

बहुतेक संस्था सोसायटी नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले, निवर्तले, राजीनामा दिला, तर कलम २२ खाली नव्वद दिवसांत फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात जायला हवा. हे वर्षानुवर्षं राहून जातं, आणि मग वाद झाला की निवृत्त शिक्षिकेने वाढवलेली शाळा एखाद्या जुन्या यादीतल्या माणसाच्या हातात जाऊ शकते. आजच्या आज परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीची, प्रत काढून नावं ताडून बघा.

विश्वस्त मंडळात किमान एक माजी विद्यार्थी, एक कार्यरत शिक्षक आणि शाळेशी नातं नसलेला एक हिशेब जाणणारा माणूस असावा. विश्वस्ताची मुदत घटनेत लिहा. नव्या मुख्याध्यापकाची निवड संस्थापकांच्या हयातीत करा, दोन वर्षं दोघांनी सोबत काम करू द्या, आणि मग संस्थापकांनी सह्यांचा अधिकार पूर्ण सोडावा. शाळेत येणं त्यांनी थांबवू नये. नव्या शिक्षकांचा वाचनगट, पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगणं, शनिवारच्या बैठकीत एक श्रोता म्हणून बसणं, ही कामं त्यांचीच. ‘ताईंना विचारून सांगतो’ हे वाक्य मात्र मुख्याध्यापकांच्या तोंडून बंद व्हायला हवं, आणि ते बंद करायची जबाबदारी ताईंची आहे.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर करा, कारण जूनमध्ये प्रवेश आणि मार्चमध्ये परीक्षा कुणाला डोकं वर काढू देत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात मुलाखती आणि तीन रकान्यांचा कागद, जानेवारीत पालकसभा, आणि फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक व अंदाजपत्रक. शनिवारच्या बैठकीचे दोन तास त्या वेळापत्रकात पहिल्यांदा भरा, बाकीचे तास त्यानंतर.